‘ते असो’ म्हणून सोडलेली ओळ

पत्र : मी २२ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. पाहायला आलेल्यांनी ‘अंगाने भरलेली’ म्हणून दोनदा नकार दिला. तेव्हापासून आईने सोमवार, गुरुवार, शनिवार धरायला लावले. रात्री सगळे निजले की उरल्या पोळ्या, गूळ, शेंगदाणे, हाती येईल ते खात सुटते आणि मग सांदवाडीत जाऊन घशात बोटं घालते. आता हे रोजचंच झालंय. कापसाला भाव नाही आणि मी घरचं अन्न ओकून टाकते, या पापाने जीव उदास असतो. वेचणीमुळे रात्री पिंडऱ्यांत गोळे येतात, छातीतही फडफडतं, ते असो. लग्न झालं की ही सवय सुटेल ना?

पोरी, नाही सुटणार. पण लग्नाचं मागून बोलू. ‘ते असो’ म्हणून तू जे सोडून दिलंस, तिथेच माझा जीव अडकलाय.

वेचणीने कंबर धरते, बोटं फाटतात, पायही दुखतात. पण रोज ओकणाऱ्या मुलीच्या पिंडऱ्यांत गोळे आणि छातीत फडफड एकदम आली, तर मी ते कापसावर ढकलू देणार नाही. सतत उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं लागतं. घसरलं की स्नायू आखडतात, गळाठा येतो. फारच घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. वजन नेहमीएवढं असतानाही हे होतं, म्हणून घरात कुणाला संशय येत नाही.

उद्या सकाळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. नुसतं ‘अशक्तपणा आहे’ म्हणशील तर टॉनिकची बाटली घेऊन परत येशील. स्पष्ट सांग : ‘मी रोज घशात बोटं घालून ओकते.’ ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी माग. तिथे ती होत नसेल तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठ. रात्रीच फडफड वाढली किंवा भोवळ आली तर सकाळपर्यंत थांबू नको, १०८ ला फोन कर.

आणि पाप कसलं गं? हा बुलिमिया नावाचा आजार आहे. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री डब्यावर तुटून पडणारच. आईचा हेतू मला ठाऊक नाही आणि आत्ता त्याच्याशी देणंघेणंही नाही. ते उपास आजपासून बंद. देव रागावणार नाही. तुझी उदासीही डॉक्टरांना सांग. नैराश्य आणि चिंता या आजारासोबत पुष्कळदा असतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे बोलण्याचे उपचार असतात, गरज पडली तर गोळ्याही, आणि माणसं बरी होतात. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लाव. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

वेचणीचा एक खाडा होईल. होऊ दे.