प्रार्थना होईना म्हणजे विश्वास संपला का?

"बायबल उघडलं की नुसती अक्षरं दिसतात. प्रार्थनेला बसले तर एक शब्द सुचत नाही. माझा विश्वास संपला का हो, मॅडम?"

जवळचं माणूस गेल्यावर हा प्रश्न बरेच जण विचारतात. मी समुपदेशक. पुण्यात नाना पेठेतल्या काकूंनीही मला तो विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. ते चर्चच्या गायनवृंदात होते. भजन सुरू झालं की काकूंना हुंदका आवरेना, म्हणून रविवारची उपासनाच सुटली. भेटायला येणारे सांगायचे, "प्रभूची इच्छा. रडू नका, विश्वास ठेवा." त्या वाक्याने दुःख तर हललं नाहीच, वर अपराधी वाटू लागलं.

मी आधी झोप आणि जेवणाचं विचारलं. रात्री दोनला जाग, दिवसभरात चहा-बिस्किटं. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. ते विचारायला कचरू नये. "त्यांच्याकडे लवकर जावं असं वाटतं, पण स्वतःला काही करणार नाही," म्हणाल्या. तरी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली. "गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं ना?" हे ओघाने आलंच.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे काकूंच्या परवानगीने त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी, म्हणजे धर्मगुरूंशी बोलले. ते नंतर एका भेटीला आलेही. उपदेशाचा सूर नव्हता. त्यांनी बायबलमधल्या एलीयाची गोष्ट काढली. एवढा मोठा संदेष्टा, पण जीव वाचवायला रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. देवदूत आला तो 'ऊठ, खा' म्हणत. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, सुरईभर पाणी. एलीया जेवला, पुन्हा झोपला, मग पुन्हा जेवला. फटकारणं नाही, विश्वासाची परीक्षा नाही. काकू म्हणाल्या, "म्हणजे गोळी आणि वरणभात चालेल." त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ८८. काकूंना २३ आणि १२१ तोंडपाठ, पण हे कधी मोठ्याने वाचलेलं नव्हतं. दीडशे स्तोत्रांतलं बहुधा सगळ्यात काळोखं. इतर बहुतेक विलाप-स्तोत्रांना शेवटी आशेची ओळ असते. हे अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, कोणी वगळलं नाही. तक्रार करायलाही समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं, असं पाळकसाहेब म्हणाले. मला हे समुपदेशनाच्या अंगानेही पटलं. काकूंनी घरी दार लावून स्तोत्र १३ मोठ्याने वाचायचं ठरवलं. 'कोठवर?' असं देवाला विचारणारं ते स्तोत्र आहे. त्यापुढे वहीत स्वतःची चार वाक्यं. पहिलं वाक्य यजमानांवरच्या रागाचं निघालं: छातीत दुखत होतं तर सांगितलं का नाही?

उपासनेचं मात्र हळूहळू घेतलं. आधी शेजारच्या घरची प्रार्थनासभा, मग रविवारी दाराजवळचा बाक, रडू आलं तर बाहेर जायची मुभा. गायलाच हवं असंही नाही. आपल्याला सूर लागत नसेल तेव्हा मंडळी गातेच की. सांत्वनाला येणाऱ्यांना मी बायबलमधल्या दुःखी ईयोबाला भेटायला आलेले मित्र आठवायला सांगते. सात दिवस ते गप्प शेजारी बसले, तोवर उत्तम होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

पुढे काही महिन्यांनी एका रविवारी मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन लागलं, यजमानांच्या आवडीचं. काकू एक कडवं गायल्या, दुसऱ्याला आवाज फुटेना, तिसऱ्याला पुन्हा धरलं. अजूनही काही सकाळी वही कोरी राहते आणि गोळीही चालू आहे. परवा फोनवर तक्रार होती ती वेगळीच: नवा पेटीवाला अभंगाची लय इतकी ओढतो की म्हाताऱ्यांचा श्वास पुरत नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगून आल्या होत्या.