आईला डिमेन्शियासाठी डोनेपेझिल सुरू करून दोन आठवडे झाले, फरक काहीच नाही. गोळी बंद करू का?

नाही, इतक्यात बंद करू नका. दोन आठवड्यांत या गोळीचा अंदाज येत नाही. सहसा ५ मिग्रॅ रोज एकदा अशी सुरुवात करतात आणि ४ ते ६ आठवड्यांनी सोसत असेल तर डॉक्टर १० मिग्रॅ करतात. मेंदूतलं असिटिलकोलिन, म्हणजे स्मृतीसाठी लागणारं निरोप्या रसायन, लवकर मोडू न देणं एवढंच ती करते. त्यामुळे गेलेली स्मृती परत येईल ही अपेक्षा नको. काही काळ घसरण मंदावली, आई कपडे स्वतः घालत राहिली, तरी गोळी लागू पडली असं समजा. सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर मळमळ, जुलाब होतात, बहुतेकदा ओसरतात. रात्री भयानक स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि बाकीच्या गोळ्या जरूर दाखवा: लघवीच्या घाईसाठीची ऑक्सिब्युटिनिन किंवा झोपेसाठीची डायफेनहायड्रामिन डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतात, हे फार वेळा नजरेतून सुटतं. मात्र चक्कर येऊन पडणं, नाडी खूप मंद होणं किंवा काळी शी झाली तर पुढची गोळी देण्याआधी लगेच डॉक्टरांना गाठा.