विश्व फुगतंय, मग आपण का नाही?

प्रश्न : सर, विश्व प्रसरण पावतं म्हणजे दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात, असं शिकलो. मग देवयानी दीर्घिका आपल्याकडे कशी येते? आणि पृथ्वी, घरं, आपण, सगळेच ताणले जातोय का?
– अकरावीतील विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : विश्वाचं प्रसरण समजावताना फुग्यावर शाईचे ठिपके काढून दाखवतात, या शंकेचं मूळ बहुधा तिथेच आहे. फुगा फुगला की ठिपकेही पसरतात. म्हणून मी वर्गात फुग्यावर टिकल्या चिकटवायला लावतो. टिकल्या म्हणजे दीर्घिका. टिकल्यांमधलं अंतर वाढतं, टिकली तेवढीच राहते. सूर्यमाला आणि आपली आकाशगंगा गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या आहेत. तुझं शरीर, घराच्या भिंती यांना अणूंमधली विद्युत बलं धरून ठेवतात. त्यामुळे यातलं काहीच ताणलं जात नाही.

देवयानीचं गणित मात्र स्वतः कर, फार गोड आहे. दर 33 लाख प्रकाशवर्षांमागे प्रसरणाचा वेग सेकंदाला सुमारे 70 किलोमीटर. (67 की 73, हा वाद अजून मिटलेला नाही, आपल्याला 70 चालेल.) देवयानी 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे नुसतं प्रसरण असतं तर ती सेकंदाला पन्नासेक किलोमीटरने लांब गेली असती. पण ती आणि आपली आकाशगंगा एकमेकींना इतक्या जोराने खेचतात की अंतर सेकंदाला सुमारे 110 किलोमीटरने कमी होतंय. खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी 1912 साली अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेतून मोजलं, तेव्हा आकडा 300 आला होता. कारण सूर्यही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो आणि सध्या त्याचा रोख साधारण तिकडेच आहे, म्हणून त्याचा वेगही त्या आकड्यात मिसळला. त्या दोघींची टक्कर ठरलेलीच, असं मात्र लिहू नकोस. 2025मधल्या एका गणनेनुसार पुढच्या 1000 कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे.

आता 32 कोटी प्रकाशवर्षांवरचा कोमा दीर्घिकासमूह घे. तो सेकंदाला जवळजवळ 7000 किलोमीटरने दूर चाललाय. इतक्या अंतरावर आपलं गुरुत्वाकर्षण पुरत नाही. त्यात 1998 साली दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोच आहे. तो असाच वाढत राहिला, तर हजारो कोटी वर्षांनी कोमासारखे समूह दिसेनासे होतील. त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून फक्त आपला स्थानिक गट (आकाशगंगा, देवयानी आणि आसपासच्या छोट्या दीर्घिका) दिसेल, आणि खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी 1929 साली ज्या दूर जाणाऱ्या दीर्घिकांवरून प्रसरण दाखवलं, त्यांतली एकही त्याच्या आकाशात नसेल.