टोकियोवाले माना डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी बाणेरला राहते, ऑफिस हिंजवडीत. कंपनी अमेरिकन, हेड ऑफिस कॅलिफोर्नियात, तिनं टोकियोतली एक छोटी कंपनी विकत घेतली आणि यंदापासून दोन्हीकडच्या टीम माझ्याकडे दिल्यात. अमेरिकेवाल्यांना प्रत्येक कॉल संपताना निर्णय हवा असतो, टोकियोवाले कॉलवर गप्प बसून माना डोलावतात आणि मग कित्येक आठवडे काही हलत नाही. नवीन बिलिंग सिस्टीम अशीच अडकलीय, बॉस म्हणतो तुझा जपानवर कंट्रोल नाही. काय करू?

उत्तर: कंट्रोलचा प्रश्नच नाहीये, तुम्ही निर्णय चुकीच्या जागी मागताय. बऱ्याच जपानी कंपन्यांत मीटिंग ही ठरलेल्या गोष्टीवर शेवटचा शिक्का मारायची जागा असते, खरं बोलणं त्याआधी एकेकाशी झालेलं असतं, त्याला ते नेमावाशी म्हणतात, मग रिंगीचा, म्हणजे लेखी मंजुरीचा, कागद खालून वर फिरतो आणि ज्या ज्या खात्याला झळ बसणार ते आपला शिक्का मारतं (आता बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरवर). तुम्ही नवा विषय थेट कॉलवर काढता, समोरच्यानं अजून त्याच्या अकाउंट्सवाल्याला विचारलेलंही नसतं, तो बोलणार काय? सोसायटीच्या एजीएमला रंगकामाचा ठराव थेट मांडणारा सेक्रेटरी आणि आदल्या आठवड्यात चार दारं वाजवून आलेला सेक्रेटरी, यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या बिलिंगचंच बघा. जपानमध्ये 1 ऑक्टोबर 2023 पासून कन्झम्प्शन टॅक्ससाठी (आपल्या जीएसटीसारखा) नवी इन्व्हॉइस पद्धत आलीय, बिलावर विकणाऱ्याचा रजिस्ट्रेशन नंबर आणि 8 टक्के, 10 टक्के असा दराप्रमाणे वेगळा टॅक्स दाखवावा लागतो, नाहीतर घेणाऱ्याला क्रेडिट मिळताना अडचण. अमेरिकेत बसवलेली सिस्टीम हे करते का? माझा अंदाज, टोकियोतला कुणीतरी हेच मनात धरून गप्प आहे, कारण हेड ऑफिससमोर तुमची सिस्टीम चालणार नाही असं तोंडावर कोण म्हणेल. एक पानी जपानी टिपण आधी पाठवा, अकाउंट्स, सेल्स, आयटी यांच्याशी वेगवेगळं बोला, आणि अडचण काय आहे असं विचारा, मान्य आहे का असं नको.

कॅलिफोर्नियाला तारीख द्या. नुसतं प्रोसेस चालू आहे म्हटलं की त्यांना टाळाटाळ वाटते, पण अमुक तारखेला पक्कं, त्यानंतर लगेच काम सुरू, असं सांगितलं की थांबतात. आणि हे मात्र ठासून सांगा की एकदा टोकियोत शिक्के पडले की दुसऱ्या आठवड्यात प्लॅन फिरवायचा नाही. अमेरिकेत झटकन ठरवून मग बदलणं चालून जातं, टोकियोत ज्यानं दहा जणांची संमती गोळा केली त्याचं तोंड पडतं आणि पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी हिंडणार नाही. तुमची खरी नोकरी हीच आहे असं मला वाटतं.

तिघांचा एकत्र कॉल तर बंदच करा. टोकियोत सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच आणि कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे 5, कुणाचंच डोकं जागेवर नसतं.

आणि "कामाची पद्धत रक्तातच असते" असं कुणी म्हणालं तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याचं उदाहरण द्या. जीएमनं (जनरल मोटर्स) 1982 मध्ये बंद केलेला तो कारखाना 1984 मध्ये टोयोटाबरोबर पुन्हा सुरू झाला, कामगार बरेचसे तेच, युनियनही तीच, फक्त गडबड दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क कामगाराला मिळाला, आणि क्वालिटी सुधारली. आपल्या बाकीच्या प्लांटमध्ये ते न्यायला मात्र जीएमला कित्येक वर्षं लागली, कारण दोरी लावणं सोपं, ती ओढल्यावर न ओरडणारा मॅनेजर मिळणं अवघड.

प्रश्न: मी खराडीतून टोकियो ऑफिसचं एचआर बघतो. अमेरिकेतून मेल आलाय, तिथल्या एका सीनिअर माणसाला महिनाअखेर काढा. नेहमीचं लेटर पाठवू का?

उत्तर: अजिबात नको. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कारण न देताही काढता येतं, जपानमध्ये लेबर कॉन्ट्रॅक्ट कायद्याचं 16 वं कलम आहे, सबळ कारण नसेल आणि समाजाला रास्त वाटत नसेल तर काढणंच रद्द ठरतं. परफॉर्मन्स कमी म्हणायचं तर त्याला आधी सांगितलं होतं, संधी दिली होती, दुसरं काम देऊन पाहिलं होतं याचे कागद लागतात. टोकियोतला लेबर वकील आजच गाठा, आणि अमेरिकेला उत्तर त्याच्याशी बोलून झाल्यावरच द्या.