औषध सुरू केलं, तरी बाळ दूध टाकतंच आहे

"मॅडम, ॲसिडिटीचं औषध सुरू करून पाच दिवस झाले. बाळ अजून दूध टाकतंयच. डोस वाढवून मागू, की डॉक्टरच बदलू?"

हा प्रश्न मला सारखा येतो. सांगलीत एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी स्तनपान आणि बाळाच्या आहाराबद्दल समुपदेशन करते. औषध लिहून देणं माझं काम नाही. पण डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेली आई माझ्यासमोर येऊन बसली की तिचे खरे प्रश्न तिथे सुरू होतात. तर या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकते. हे औषध दूध टाकणं थांबवायला दिलेलंच नसतं. ते पोटातलं आम्ल कमी करतं. दूध वर यायचं ते येतच राहतं, येताना जळजळ मात्र कमी होते. एवढं नीट न सांगितल्यामुळे कितीतरी घरांत चांगलं लागू पडत असलेलं औषध चौथ्या दिवशी बंद होतं, नाहीतर गरज नसताना एकावर एक बाटल्या वाढत जातात.

स्मिताचं उदाहरण सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिलं बाळंतपण, माहेर तासगावच्या बाजूला, नवरा पुण्यात नोकरीला. बाळाच्या अडीच महिन्यांच्या लशीला ती आईसोबत आली, ती रडवेली होऊनच. बाळ प्रत्येक पाजण्यानंतर दूध टाकायचं, कधी पाण्यासारखं, कधी दह्यासारखं फाटलेलं. "सगळंच्या सगळं बाहेर काढतंय, पोटात काही राहतच नाही," असं आजींचं म्हणणं.

"सगळंच्या सगळं" हे ऐकलं की मी एक प्रयोग करते. टेबलावर दुपटं पसरते आणि त्यावर दोन चहाचे चमचे पाणी ओतते. डाग बघता बघता तळहाताएवढा होतो, आणखी पसरतो. आजी म्हणाल्या, "एवढंच टाकतंय की मग!" दोन चमचे म्हणजे दहा मिली. अडीच महिन्यांचं बाळ एका वेळेला त्याच्या कितीतरी पट दूध पितं. दुपट्यावरचा डाग नेहमी खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

तीन महिन्यांच्या आतली निम्मी बाळं तरी दिवसातून एकदा दूध टाकतात. अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथला स्नायू या वयात मध्येच सैल पडतो. त्यात आहार सगळा पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकांचं थांबतं. दूध टाकून हसणारं, भरपूर लघवी करणारं, बाळसं धरणारं बाळ असेल तर त्याला औषधाची गरज नसते. गरज असते ती जास्तीच्या दुपट्यांची.

स्मिताचं बाळ मात्र हसून दूध टाकणाऱ्यातलं नव्हतं. कार्डावर वजनं होती: जन्माला तीन किलो, दीड महिन्याला चार किलो दोनशे, आणि आता चार किलो सहाशे. पहिल्या दीड महिन्यात रोज तीस ग्रॅमच्या आसपास वाढत होतं, नंतर ते निम्म्यावर आलं. मी तिला समोरच पाजायला सांगितलं. बाळानं भुकेनं तोंडात घेतलं, घटाघट गिळायला लागलं, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळायला लागलं. तीन-चार मिनिटांत त्यानं पाठीची कमान केली, मान मागे टाकली आणि किंचाळून सोडून दिलं. परत लावलं तर तोंड फिरवलं. वजन मंदावणं आणि पिताना दुखल्यासारखं वागणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही नुसतं "होईल कमी" म्हणून घरी पाठवत नाही.

डॉक्टरांनी तपासून धोक्याचं काही नाही ना ते आधी पाहिलं. ही यादी प्रत्येक आईला पाठ असावी असं मला वाटतं. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, शीमधून रक्त जात असेल, पोट फुगून टणक झालं असेल, टाळू वर आलेली असेल, ताप असेल, बाळ मलूल पडलं असेल, लघवी फारच कमी झाली असेल, श्वास अडखळत असेल, तर घरात बसून वाट बघायची नाही. विशेषतः तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला पिचकारीसारखी जोरात, लांब जाणारी उलटी पुन्हा पुन्हा होत असेल तर जठराच्या पुढच्या टोकाचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो. त्याला शस्त्रक्रिया लागते, थेंबांनी तो बरा होत नाही. दूध टाकणं सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, तरी कारण वेगळं शोधावं लागतं.

यातलं काही नव्हतं. मग उपचाराची पहिली पायरी ठरली, आणि तिच्यात औषध नव्हतं. नवऱ्यानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "म्हणजे नुसतंच थांबायचं?" नुसतं नाही. दूध वेगानं सुटतं म्हणून स्मितानं जरा मागे रेलून पाजायचं. मध्ये थांबून ढेकर काढायचा. पाजून झालं की वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरायचं. खुर्चीसारख्या झुल्यात ठेवायचं नाही, त्यात पोट दुमडून उलट दाब येतो. रडलं की लगेच पुन्हा छातीशी, ही सवय थोडी सैल करायची, कारण प्रत्येक रडणं भुकेचं नसतं.

खरी अडचण सकाळच्या कार्यक्रमात निघाली. मालिशवाल्या मावशी दहाला यायच्या, आणि "उपाशी पोटी न्हाऊ घालू नये" म्हणून पावणेदहाला बाळाला पोटभर पाजलेलं असायचं. मग पोटावर तेल चोळणं, पाय दुमडून पोटाशी दाबणं, गरम पाणी, वर ओव्याची धुरी, आणि शेवटी दुपट्यात घट्ट गुंडाळणं. एवढं झाल्यावर मोठ्या माणसालाही उलटी होईल. मावशींना दुखवायचं नव्हतं, त्यामुळे वेळ तेवढी बदलली: आधी मालिश, मग न्हाणं, मग पाजणं. धुरी बंद. बाळगुटी आणि ग्राइप वॉटरही बंद. त्यावर आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

गादीखाली उशी सारून बाळाला उतारावर झोपवायची युक्ती कुणीतरी सांगितली होती. तीही काढायला लावली. उतारावर बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. सपाट गादीवर, पाठीवर, बिनउशीचं झोपवायचं, दूध टाकणाऱ्या बाळालासुद्धा. "पाठीवर झोपवलं तर दूध श्वासात जाईल," ही भीती सगळ्यांना असते. पण पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, वर आलेलं दूध श्वासात शिरण्याऐवजी मागे परततं. पालथं झोपवण्यात खरा धोका आहे.

दोन आठवड्यांत दूध टाकणं थोडं कमी झालं, वजन जरा सावरलं, पण पिताना किंचाळणं तसंच राहिलं. मग डॉक्टरांनी स्मिताचं दूधदुभतं काही दिवस बंद करून बघायला सांगितलं. काही बाळांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, ती आईच्या दुधातून पोहोचते आणि लक्षणं हुबेहूब रिफ्लक्ससारखी, म्हणजे पोटातलं दूध आणि आम्ल वर येण्यासारखी, दिसतात. दोन ते चार आठवडे आईनं दूध पूर्ण सोडून बघणं, हाच तिचा तपास.

बाळंतिणीचं दूध बंद करा असं आजींना सांगणं सोपं नव्हतं. आजी म्हणाल्या, "गाईचं कुठं पितीय ती? आमची घरची म्हैस आहे." दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की एक चालत नसेल तर दुसरंही बहुधा चालत नाही. दही, ताक, खवा, पनीर, दुधाची बिस्किटं, आणि तेवढ्या दिवसांपुरतं डिंकाच्या लाडवातलं तूपसुद्धा बंद. त्या बदल्यात नाचणी, तीळ आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. तीन आठवड्यांत फरक पडला नाही. म्हणून दूध पुन्हा सुरू केलं. हे "पुन्हा सुरू करणं" महत्त्वाचं आहे. मी अशा बायका पाहिल्या आहेत की ज्यांनी उपयोग होत नसतानाही सहा-सहा महिने दुधाचा थेंब घेतला नाही, कारण थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कुठे औषधाची पाळी आली. बाळ साडेतीन महिन्यांचं झालं होतं. ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध, वजनानुसार मात्रा, सकाळी पाजण्याआधी अर्धा तास, मोजायच्या सिरिंजनंच, घरातल्या चमच्यानं नाही. पहिल्यांदा चार आठवडे, मग बघायचं. त्याच वेळी स्मितानं पर्समधून एक बाटली काढली: डॉम्पेरिडोन या उलटीवरच्या औषधाचे थेंब, वहिनीच्या बाळाचे उरलेले. "हे पण सोबत देऊ का?" अजिबात नाही. रिफ्लक्समध्ये त्याचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याचा धोका आहे. बाटली डॉक्टरांनी ठेवून घेतली.

औषध देताना मी तिला सांगितलं होतं की पूर्ण परिणामाला काही दिवस जातील, आणि दुपटी मोजू नकोस. तरी चौथ्या दिवशी फोन आलाच: "ताई, काल पाच दुपटी भिजली." मी विचारलं, पिताना किती वेळ टिकतंय? ती जरा थांबून म्हणाली, "आठ-दहा मिनिटं." आधी चार मिनिटांत सोडत होतं. मग वहीतले रकाने बदलले. दूध किती वेळा टाकलं हे लिहायचं नाही. लिहायचं ते किती वेळ प्यायलं, किंचाळलं का, रात्रीची झोप कशी आणि आठवड्याला एकदा वजन, तेही दवाखान्याच्या एकाच काट्यावर. वेगवेगळ्या काट्यांच्या फरकावरून रडणारे आई-बाप ही एक वेगळीच जमात आहे.

दुसऱ्या आठवड्यात पिताना कमान करणं कमी झालं. चौथ्या महिन्यात दूध टाकणं मात्र वाढलं, जे त्या वयात होतंच. ठरल्याप्रमाणे तपासून औषध आणखी चार आठवडे चाललं. साडेपाच महिन्यांना वजन सव्वासहा किलो, जन्माच्या दुपटीहून थोडं जास्तच.

हा गुण औषधाचाच, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्षणं असलेल्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल हे ओमेप्राझोलच्याच जातीचं औषध आणि निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रावण दिलं. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळं सुधारली. श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा संसर्ग औषधाच्या गटात जास्त दिसला, बहुधा पोटातलं आम्ल जंतूंनाही अडवतं म्हणून. म्हणूनच नुसत्या रडण्याला किंवा नुसत्या दूध टाकण्याला हे औषध नको, आणि ज्याला खरंच हवं त्यालाही ठरावीक मुदतीचंच. स्मिताच्या बाळाचं वयही पुढे सरकत होतंच, आणि दीड महिन्याच्या आसपास शिगेला पोचणारं रडणं तीन-चार महिन्यांत कमी होतं ते कुठल्याही बाळाचं.

औषध बंद करण्याबद्दल आई-बापांना कुणी फारसं सांगत नाही. बंद केल्यावर काही दिवस बाळ पुन्हा किरकिर करू शकतं, कारण दबलेलं आम्ल उसळून येतं. ही किरकिर म्हणजे आजार परतला असं लगेच समजायचं नाही. स्मिताच्या बाळानं तीन-चार रात्री जागवलं. मी रोज वजन आणि पिण्याचा वेळ विचारत राहिले, दोन्ही ठीक होतं, म्हणून डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं नाही. आठवड्यानं सगळं निवळलं.

मधल्या काळात आजींनी भाताची पेज पाजायचं सुचवून पाहिलं होतं, "घट्ट असलं की पोटात टिकतं" म्हणून. दूध घट्ट करणं हा वरच्या दुधावरच्या काही बाळांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं करायचा उपाय आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या आत पेज द्यायची नाही. सहा महिने भरल्यावर नाचणीचं सत्त्व आणि मऊ वरण-भात सुरू केला, तेव्हा आजींचीच कळी खुलली. बाळ बसायला लागलं, दूध टाकणं दिवसातून एक-दोनदावर आलं, आणि स्मिता पुण्याला गेली.

आठव्या महिन्यात नवऱ्याचा मेसेज आला. सर्दी झालीय, पुन्हा दिवसातून चार-पाच वेळा दूध टाकतंय, उरलेलं जुनं औषध देऊ का? मी कळवलं, उघडलेली जुनी बाटली टाकून द्या. सर्दीत गिळलेला शेंबूड आणि खोकल्याचा जोर यामुळे चार दिवस असं होतं. पिणं आणि लघवी नेहमीसारखी असेल तर थांबा, पिणं सोडलं किंवा श्वास जोरात चालला तर आजच तिथल्या डॉक्टरांना दाखवा. आणि वर्षाचं होऊनही रोज टाकत राहिलं, तर मात्र पुन्हा एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, तेव्हा "होईल कमी" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.