सगळं माऊसनं होतंय तर कॉन्फिग फाईलच्या मागं का लागायचं?

तुम्ही विचारलंय की सेटिंग्जमध्ये जाऊन टिक केलं की काम होतंय, तरी लिनक्सवाले सारखं ‘फाईल एडिट कर’ का म्हणतात, म्हणजे ज्या फाईलमध्ये सेटिंग्ज लिहून ठेवलेल्या असतात ती कॉन्फिग फाईल. मी कोल्हापुरात राजारामपुरीत मराठी टायपिंगचा छोटा क्लास चालवतो, आठ पीसी आहेत, सगळ्यांवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एक्सएफसीई (त्यावरचा डेस्कटॉप), त्यामुळं माझा अनुभव सांगतो.

आधी मी पण एकेका मशीनवर बसून सेटिंग्जमधूनच इन्स्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) लावायचो आणि भाषा बदलायला अल्ट-शिफ्ट ठेवलेलं. आता इन्स्क्रिप्टमध्ये क ला के दाबायचं आणि ख ला शिफ्ट धरून के, म्हणजे शिफ्टवर बोट सारखंच, त्यात पोरांचा अंगठा अल्टवर पडला की ओळीच्या मधेच इंग्रजी सुरू. शेवटी कॅप्स लॉकवर घ्यायचं ठरवलं, पण आठ मशीनवर परत तेच क्लिक करत बसायचं जिवावर आलं म्हणून फाईल शोधली, /ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड. चार-पाच ओळींची साधी फाईल आहे ती. एका मशीनवर बदलली, रिस्टार्ट करून बघितली, पेनड्राईव्हनं बाकी सातवर टाकली, झालं.

आणि त्याच फाईलमध्ये # लावून (अशी ओळ कॉम्प्युटर सोडून देतो, ती माणसांसाठी) मी लिहून ठेवलं, ‘अल्ट-शिफ्ट नको, शिफ्ट धरताना पोरांकडून भाषा बदलते’. पुढं क्लासला नवीन मॅडम आल्या त्यांनी फाईल उघडली आणि त्यांना कारण तिथंच मिळालं. टिकमार्क केलाय एवढं खिडकीत दिसतं, तो का केलाय ते तिथं कुठं लिहिणार? माझ्यासाठी फाईलची खरी किंमत ही आहे.

खिडकी वाईट नाही हां. काय काय बदलता येतं हे तिथंच कळतं, आणि स्पेलिंग चुकायचा प्रश्न नाही. फाईलमध्ये एक अक्षर चुकलं तर बरेच प्रोग्रॅम काहीच न बोलता ती ओळ सोडून देतात आणि आपण तासभर शोधत बसतो.

शिवाय टेक्स्ट आहे म्हणून प्रत्येक फाईल हातानं बदलायची नसते. फायरफॉक्सच्या प्रेफ्स.जेएस या सेटिंग्जच्या फाईलमध्ये वरच लिहिलंय की एडिट करू नका, चालू असताना बदललं तर बंद होताना फायरफॉक्स ते पुसून टाकतो, आपलं काय असेल ते युजर.जेएस मध्ये टाकायचं. लिब्रेऑफिसची पण टेक्स्टच आहे पण एक्सएमएलच्या खुणांचं एवढं जंगल की तिथं मेनूच बरा. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सेटिंग्ज ठेवतो ते डीकॉन्फ तर बायनरी, एडिटरमध्ये वाचताच येत नाही. मला व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरची पद्धत सगळ्यात आवडते, सेटिंग्जच्या खिडकीत शोधून बदला नाहीतर सेटिंग्ज.जेसन मध्ये लिहा, दोन्हीकडं तेच दिसतं.

तुम्ही नवीन असाल तर महिनाभर खिडकीतूनच करा, पण जी सेटिंग दुसऱ्यांदा लावायची वेळ येईल तिची फाईल शोधा, आणि हात लावायच्या आधी शेजारीच तिची एक कॉपी ठेवा.