‘अरबेस्क’ नव्हे, गाठी!

लिओनार्दोच्या आणि जर्मन चित्रकार ड्यूररच्या ठशांमध्ये एकात एक गुंतलेल्या रेघांची जी गोल नक्षी दिसते, तिला ‘अरबेस्क’ (इस्लामी धर्तीची गुंतागुंतीची नक्षी) म्हणावं की ‘वेलबुट्टी’, असा प्रश्न आहे. दोन्ही नको. गुंतागुंत दिसली की ‘अरबेस्क’ चिकटवून मोकळं व्हायचं, ही खोड जाणत्या कलासमीक्षकांनाही आहे. आणि वेलबुट्टीत वेल तरी हवा! इथे पान नाही, फूल नाही. स्वतःच्याच खालून-वरून जाणारी नुसती दोरी. ड्यूररने 1506-07च्या सुमारास लिओनार्दोचे सहा ताम्रठसे बघून ते लाकडात उतरवले, काळ्या जमिनीवर पांढरी रेघ ठेवून. नेदरलँड्सच्या प्रवासाच्या रोजनिशीत तो त्यांना सरळ ‘क्नोटन’ म्हणतो. गाठी. झालं.

खरी गंमत मूळ ठशांच्या मधोमध आहे : ‘आकादेमिया लेओनार्दी विंची’. पहिल्या शब्दावरून, अशी अकादमी खरोखर होती की नव्हती, यावर पंडितांनी रिमच्या रिम कागद खर्ची घातले. अहो, शेवटचा शब्द वाचा! इटालियनमध्ये ‘विंको’ म्हणजे वाळुंजीचा लवचिक फोक, टोपल्या विणायचा, द्राक्षवेल बांधायचा. जुनं अनेकवचन ‘विंची’. त्यामागे लॅटिन ‘विन्किरे’, बांधणे. इटालियन कवी दान्तेच्या ‘पारादिसो’ या काव्यात, 14व्या सर्गात, ‘दोल्ची विंची’ येतात : गोड बंधनं. 1493मध्ये बेआत्रिचे देस्ते बहिणीला, इझाबेलाला, पत्रातून विचारते की दरबारी कवी निक्कोलो दा कोर्रेज्जोने सुचवलेली ती ‘विंची’ची, म्हणजे गुंतलेल्या नक्षीची, कल्पना तू अजून वापरली नसलीस, तर एका लग्नाला जाताना घालायच्या माझ्या जांभळ्या मखमली झग्यावर भरीव सोन्यात करून घेऊ का? ही बेआत्रिचे कोण, तर लिओनार्दोच्या धन्याची, मिलानच्या लुदोविको स्फोर्झाची बायको. ज्या दरबारात ‘विंची’ची अशी हौस, तिथे विंची गावचा चित्रकार गप्प बसेल? माझ्या मते ते सहाही ठसे म्हणजे त्याची सही आहे. नाव मध्ये छापलं ते फक्त मंद लोकांसाठी.

लिओनार्दोचा जुना चरित्रकार वासारी, त्याला मात्र दोऱ्यांच्या या गाठींत वाया गेलेला वेळ दिसला. कलाइतिहासकार आनंद कुमारस्वामींना 1944च्या निबंधात थेट सूत्रात्मा, म्हणजे सगळं विश्व दोऱ्यासारखं ओवणारा आत्मा, दिसला. सूत्र मान्य, आत्म्याचं नंतर बघू.

हं, मराठी शब्द राहिलाच. ‘गोफ’ घ्या. गळ्यातला असो की गोव्यात शिगम्याला दोऱ्या गुंफत नाचतात तो, दोन्ही याच घराण्यातले. आणि ‘दा विंचीचे ठसे’ म्हणणं सोडा. ‘दा’ म्हणजेच ‘गावचा’.